पैनगंगेची माती आणि सागराचा काठ

मृग नक्षत्राच्या पहिल्या जोरदार सरी कोसळल्या की उमरखेड तालुक्यातील नाले-ओढे काळसर गढूळ पाण्याने दुथडी भरून वाहू लागतात. उमरखेडहून हदगावकडे जाताना पैनगंगेच्या पुलावर क्षणभर थांबून खाली पाहिले, तर उन्हाळ्यातील निवळशंख डोहांचे ते पात्र ओळखूही येत नाही. पाण्याबरोबर शिवाराशिवारांतील माती वाहत असते. काठावर उभा असलेला शेतकरी त्या पाण्याकडे पाहून सुस्कारा टाकतो आणि म्हणतो, "गेली माती समुद्राला!"

हा उद्गार नित्याचा आहे. परंतु त्यात दडलेले भूगोलाचे सत्य सहसा आपल्या ध्यानी येत नाही. उमरखेड हे पश्चिमेच्या अरबी समुद्रापासून आणि पूर्वेच्या बंगालच्या उपसागरापासून सरळ रेषेत पाचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तेथील अनेकांनी समुद्र डोळ्यांनी पाहिलेलाही नसेल. तरीही सागराचा काठ ज्या शक्तींनी घडतो आणि मोडतो, त्यांपैकी एक शक्ती दर पावसाळ्यात त्यांच्या बांधावरून वाहत जात असते. समुद्रकिनारा हा नकाशावर एकदा आखून ठेवलेली रेषा आहे, असे आपण समजतो. वस्तुतः जमीन, नदी, लाट, वारा आणि भरती-ओहोटी यांच्यातील देवघेवीचा तो रोज मांडला जाणारा हिशेब आहे. हा हिशेब कसा चालतो आणि आज तो का बिघडू लागला आहे, हे समजून घेणे उद्बोधक ठरेल.

मातीचा प्रवास

बुलढाणा जिल्ह्यातील अजिंठ्याच्या डोंगररांगांत उगम पावणारी पैनगंगा विदर्भ आणि मराठवाडा यांची सीमा आखीत पूर्वेकडे वाहते. उमरखेड तालुक्याच्या दक्षिण अंगाने जाताना सहस्रकुंड येथे ती काळ्या पाषाणावरून अनेक धारांनी खाली झेपावते. पुढे चंद्रपूरजवळील वढा येथे ती वर्धा नदीला मिळते. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता जन्मते आणि गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचाजवळ प्राणहिता गोदावरीत विसर्जित होते. त्र्यंबकेश्वराहून निघालेली, १,४६५ किलोमीटर लांबीची गोदावरी राजमहेंद्रीच्या खाली धवळेश्वरमनंतर गौतमी आणि वसिष्ठा या प्रमुख फाट्यांत विभागली जाते व बंगालच्या उपसागराला मिळते.

वाहत्या पाण्याच्या वेगात ओझे वाहण्याचे सामर्थ्य असते. वेग वाढला की गोटेही गडगडत पुढे जातात. तो मंदावला की प्रथम गोटे, मग वाळू आणि सर्वांत शेवटी बारीक चिकणमाती खाली बसते. सपाट प्रदेशात आणि समुद्राच्या स्थिर पाण्यात नदीचा वेग संपतो, तेव्हा तिने आणलेले सारे ओझे तेथेच पडते. वर्षानुवर्षे साचत गेलेल्या या गाळाने नदीचे मुख पंख्यासारखे पसरते. यालाच त्रिभुज प्रदेश म्हणतात. आंध्र प्रदेशातील भातशेतीने आणि नारळीबागांनी बहरलेला गोदावरीचा त्रिभुज प्रदेश असाच घडला आहे. त्यात नाशिकची, नांदेडची, वऱ्हाडची आणि उमरखेडचीही माती आहे.

गोदावरीच्या मुखासमोर समुद्राच्या तळातून संशोधकांनी गाळाचे उभे नमुने काढून तपासले आहेत. एखाद्या जुन्या दप्तराची पाने उलटावीत त्याप्रमाणे या थरांतून हजारो वर्षांचा इतिहास वाचता येतो. दख्खनच्या काळ्या पाषाणापासून झालेल्या मातीचे प्रमाण गेल्या काही सहस्रकांत वाढत गेल्याचे त्यात आढळले. हवामान कोरडे होत गेले, वनस्पतींचे आच्छादन विरळ झाले, शेतीचा विस्तार झाला आणि उघड्या पडलेल्या जमिनीची धूप वाढली, असा त्याचा अर्थ लावला जातो.

एकच पाषाण, दोन काठ

सहस्रकुंडच्या काळ्या कातळाचे एक जवळचे भावंड कोकणात, हरिहरेश्वरच्या समुद्रात उभे आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थरांवर थर पसरले. त्याच महाकाय घडामोडीत बेसाल्टचा हा पाषाण निर्माण झाला. उमरखेडच्या शेतातील काळी माती ही या पाषाणाचाच भुगा होय. पश्चिमेकडे याच थरांचा कडा सह्याद्रीच्या रूपाने उभा असून त्याच्या पायथ्याशी कोकणची अरुंद पट्टी पसरली आहे.

सह्याद्रीच्या माथ्यावरून पश्चिमेकडे उतरणाऱ्या नद्या आखूड आणि वेगवान आहेत. गोदावरीसारखा विशाल त्रिभुज प्रदेश त्यांना रचता आला नाही. शिवाय सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. हिम वितळत गेले तसा समुद्र वर चढला आणि नद्यांच्या जुन्या खोऱ्यांत शिरला. वाशिष्ठी, सावित्री, कुंडलिका यांसारख्या नद्यांच्या मुखांशी ज्या खाड्या आपण पाहतो, त्या अशा बुडालेल्या दऱ्याच आहेत. म्हणूनच कोकणचा काठ दातेरी आहे. येथे डोंगराची सोंड समुद्रात घुसते, तर पलीकडे दोन सोंडांच्या कुशीत चंद्रकोरीसारखी पुळण विसावते.

या दातेरीपणामुळे किनाऱ्याची लांबी मोजणे हेही सोपे काम नाही. भारताच्या किनाऱ्याची लांबी कित्येक दशके ७,५१६ किलोमीटर सांगितली जात असे. अलीकडील फेरमोजणीत अधिक बारकाईने खाचाखोचा धरल्यावर ती ११,०९८ किलोमीटर भरली. महाराष्ट्राची सुमारे ६५३ वरून सुमारे ८७८ किलोमीटर झाली. भूमी वाढली नाही. मोजपट्टी बारीक झाली एवढेच!

लाटेचे काम

लाट ही किनाऱ्याची शिल्पकार होय. वाऱ्याच्या घर्षणाने समुद्राच्या पृष्ठभागावर लाटा उठतात. खोल पाण्यात लाट पुढे सरकताना दिसते, परंतु पाणी जवळजवळ जागच्या जागी वर्तुळाकार फिरत असते. वाऱ्याने शेतातील गव्हाच्या ओंब्या डोलाव्यात आणि रोपे मात्र जागीच राहावीत, तसा हा प्रकार आहे. लाट उथळ पाण्यात आली की तिचा पाया तळाला घासून मंदावतो, माथा पुढे झेपावतो आणि लाट फुटते. वाऱ्याने शेकडो किलोमीटरांवर दिलेली ऊर्जा या एका क्षणी किनाऱ्यावर ओतली जाते.

किनाऱ्याशी येताना लाटा वळतात. भूशिरासमोर त्या एकवटतात आणि खाचेत शिरताना विखुरतात. त्यामुळे भूशिराचा कातळ झिजत जातो आणि तेथून सुटलेले कण पुढे शांत कुशीत पुळण होऊन बसतात. खडकाच्या फटींत लाटेचा तडाखा बसला की आतील हवा दाबली जाते आणि लाट मागे हटताच ती एकदम प्रसरण पावते. पाचरीने लाकूड फोडावे तशी ही फट रुंदावत जाते. लाटेने उचललेले गोटे आणि वाळू कातळावर कानशीप्रमाणे घासतात. तुषारांतील मीठ खडकाच्या छिद्रांत स्फटिकरूपाने वाढून त्याला आतून फोडते. हरिहरेश्वर येथे डोंगराच्या पायथ्याशी असलेला सपाट कातळी ओटा आणि कड्यावरील मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी ही या कारागिरीची उत्तम उदाहरणे होत.

पावसाळ्यातील नैर्ऋत्य वाऱ्याच्या उंच लाटा पुळणीवरील वाळू ओढून समुद्रात नेतात. ती वाळू किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात दांड्याच्या रूपाने साठून राहते. पावसाळा सरला की सौम्य लाटा तीच वाळू हळूहळू पुन्हा काठावर आणून टाकतात. जूनमध्ये अरुंद झालेली पुळण फेब्रुवारीत पुन्हा रुंद होते. किनाऱ्याचा हा वार्षिक श्वासोच्छ्वास जाणून न घेता बांधकाम केले, तर पुढच्या पावसाळ्यात समुद्र अंगणात आला अशी तक्रार करण्याची पाळी येते.

वाळूची वाट

लाटा क्वचितच अगदी समोरून येतात. बहुधा त्या तिरप्या येतात. वाळूचा कण लाटेबरोबर तिरपा वर चढतो आणि ओसरत्या पाण्याबरोबर सरळ खाली घसरतो. अशा नागमोडी पावलांनी वाळू किनाऱ्याच्या कडेकडेने प्रवास करीत राहते. पंढरीच्या वाटेवर दिंडी सतत पुढे सरकत असते, पण वाट मात्र भरलेलीच दिसते. तसेच पुळणीचे आहे. ती स्थिर दिसते, तिच्यातील वाळू मात्र बदलत असते.

या वाटेत अडसर आला की काय होते, याचा धडा मद्रासने दिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तेथे कृत्रिम बंदर बांधले गेले. दक्षिणेकडून उत्तरेकडे चाललेली वाळू बंदराच्या भिंतीशी अडली. दक्षिणेस ती साचत गेली आणि मरीना हा विस्तीर्ण वाळूकिनारा तयार झाला. उत्तरेस वाळूची आवक थांबल्याने रोयापुरमकडील काठ समुद्र खात गेला. एका बाजूला मिळालेली जमीन ही दुसऱ्या बाजूची गेलेली जमीन होती.

नदीच्या मुखाशी हाच प्रवाह वाळूचे लांबट दांडे रचतो. काकिनाड्यासमोरील होप बेट हा गोदावरीच्या वाळूने गेल्या सुमारे दोन शतकांत रचलेला, सुमारे सोळा किलोमीटर लांबीचा दांडा आहे. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवबाग हे गावही कर्ली खाडी आणि समुद्र यांच्यामधील अशाच अरुंद वाळूपट्टीवर वसलेले आहे. एका हाताला खाडी आणि दुसऱ्या हाताला समुद्र असलेल्या या गावाला उधाणाची रात्र जागून काढणे म्हणजे काय, हे ठाऊक आहे.

भरती-ओहोटी आणि खाजण

चंद्र-सूर्याच्या आकर्षणाने समुद्र दिवसातून साधारणपणे दोनदा चढतो आणि उतरतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी पायी जाता येते आणि भरतीस त्याला पाण्याचा वेढा पडतो, हे अनेकांनी अनुभवले असेल. लाटा किती उंचीवर आघात करतील, हे भरतीच ठरविते. म्हणून उधाण आणि वादळ एकाच वेळी आले की हानी अनेक पटींनी वाढते.

खाड्यांत लाटेचा जोर नसतो. भरतीच्या पाण्यातील बारीक गाळ तेथे निवांतपणे खाली बसतो आणि खाजण तयार होते. त्यावर तिवर, चिप्पी, कांदळ यांची वने उभी राहतात. त्यांची मुळे गाळाला धरून ठेवतात आणि वादळी लाटांचा आवेग शोषून घेतात. प्राचीन काळी गजबजलेली शूर्पारक म्हणजे सोपारा आणि चौल ही बंदरे कालांतराने मागे पडली, त्यामागे खाड्या गाळाने भरत गेल्या हेही एक कारण होते. समुद्र काठ मोडतो तसा गाळ काठ पुढेही ढकलतो.

पुळणीच्या माथ्यावर वारा आपले काम करतो. कोरडी वाळू उडवून तो तिच्या टेकड्या रचतो आणि मर्यादवेलीसारख्या वनस्पती त्या बांधून ठेवतात. वेलीचे नावच बोलके आहे! या टेकड्या म्हणजे वादळाच्या दिवसांसाठी ठेवलेली वाळूची शिल्लक होय. त्या सपाट केल्या की काठाची ठेव संपते.

बिघडलेला हिशेब

आता पुन्हा पैनगंगेकडे वळू. किनारा हा वाळूचा आणि गाळाचा जमाखर्च आहे, हे एकदा ध्यानी आले की नदीवरील प्रत्येक बदलाचे पडसाद समुद्राकाठी का उमटतात, हे उमगते. गोदावरीच्या खोऱ्यात गेल्या शतकात अनेक धरणे झाली. उमरखेडच्या वरच्या अंगास पैनगंगेवर ईसापूरचे धरण झाले आणि या कोरडवाहू मुलखातील शेतीला पाणी मिळाले. या धरणांनी शेतकऱ्यांच्या जीवनात घडविलेले परिवर्तन अमोल आहे. मात्र धरणाच्या निश्चल पाण्यात नदीचा वेग संपतो आणि जो गाळ समुद्राकडे जायचा तो जलाशयाच्या तळाशी बसतो.

धवळेश्वरम येथील नोंदींनुसार १९७० च्या दशकात गोदावरी दरवर्षी सुमारे १५ कोटी टन गाळ समुद्राकडे नेत होती. १९९० च्या दशकात हे प्रमाण सुमारे पावणेसहा कोटी टनांवर आले. उपग्रहचित्रांच्या अभ्यासातून १९७६ ते २००१ या काळात त्रिभुज प्रदेशाच्या दर्शनी काठावर सुमारे १,८०० हेक्टर जमिनीची निव्वळ घट झाल्याचे दिसून आले. इजिप्तमध्ये १९७० साली पूर्ण झालेल्या आस्वानच्या उंच धरणानंतर नाईलच्या मुखाशी हेच घडले.

त्यातच समुद्राची पातळीही चढत आहे. १९०१ ते २०१८ या काळात ती जगभरात सरासरी सुमारे वीस सेंटिमीटरांनी वाढली आणि वाढीचा वेग उत्तरोत्तर अधिक होत आहे. राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातील बदल तपासले, तेव्हा देशाच्या मुख्य भूमीचा सुमारे एक तृतीयांश किनारा कमीअधिक प्रमाणात धुपत असल्याचे आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश आहे. ३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्यात धडकलेल्या 'निसर्ग' चक्रीवादळाने नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात 'तौक्ते' वादळ किनाऱ्याजवळून गेले.

येथे एक प्रश्न सहज उपस्थित होईल. उमरखेडच्या शेतकऱ्याने माती अडविली, तर समुद्रकाठच्या शेतकऱ्याची जमीन उपाशी राहील काय? मग मृद्संधारण करावे की न करावे? याचे उत्तर मातीच्या प्रकारात आहे. शेतातून खरडून जाणारा सुपीक थर हा मुख्यतः बारीक चिकणमातीचा असतो. लाटांच्या माऱ्यात ती पुळणीवर टिकत नाही. पुळणीला आणि वाळूच्या दांड्यांना लागते ती नदीच्या पात्रातील वाळू. बारीक गाळ त्रिभुज प्रदेशाची सखल भूमी उंचावतो हे खरे. परंतु आज शिवारातून सुटलेली माती तेथवर पोहोचण्यापूर्वी बहुतांशी वाटेतील जलाशयांतच अडते. म्हणजे शेताचे गेले, धरणाची साठवणक्षमता घटली आणि समुद्राकाठी काही पोहोचले नाही, असा तिहेरी तोटा होतो. समपातळी बांध, गवताचे पट्टे आणि नदीकाठची झाडी यांनी माती शेतातच राखणे सर्वांच्याच हिताचे आहे. २०१७ साली महाराष्ट्रात सुरू झालेल्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेमागील विचारही हाच आहे. जलाशयाला ओझे असलेला गाळ शेताला मात्र खत ठरतो. वाळूची गोष्ट निराळी आहे. तिला वाहू दिले पाहिजे. नदीपात्रातून आणि खाड्यांतून तिचा बेसुमार उपसा झाला, तर नदीकाठच्या विहिरींचे पाणी खोल जाते, पुलांचे पाये उघडे पडतात आणि शेकडो कोसांवरील पुळणीच्या वाट्याचे दाणेही कमी होतात.

काठाशी सलोखा

समुद्राच्या आक्रमणापासून गावे वाचविण्यासाठी कोकणात ठिकठिकाणी दगडी धूपप्रतिबंधक बंधारे उभारले गेले आहेत. वस्ती अगदी काठावर असेल, तेथे त्यांना पर्याय नसतो. परंतु कठीण भिंतीवर आपटलेली लाट तिच्या पायथ्याची वाळू उपसते आणि भिंतीच्या टोकाशी शेजारच्या काठावर अधिक जोराने धावते. म्हणून प्रत्येक बांधकामापूर्वी त्या ठिकाणच्या लाटांचा आणि वाळूच्या वाटेचा अभ्यास आवश्यक असतो. १९१६ साली स्थापन झालेल्या, खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात बंदरे आणि किनाऱ्यांच्या प्रतिकृती उभारून अशा समस्या अभ्यासल्या जातात. किनाऱ्यावरील बांधकामांचे नियमन करणारी केंद्राची पहिली अधिसूचना १९९१ साली निघाली. पुढे २०११ व २०१९ मध्ये ती नव्याने निघाली. खारफुटीच्या रक्षणासाठी राज्याच्या वन विभागाने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला आणि २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवन वृक्षाचा मान मिळाला. लाटेशी झुंजण्यापेक्षा तिला ओसरण्यास जागा ठेवणे अधिक शहाणपणाचे, हेच या साऱ्या प्रयत्नांमागील सूत्र आहे.

सागर कधी देतो, कधी घेतो. त्याच्या देण्याघेण्यात नदी हा मोठा दुवा आहे आणि नदीचा आरंभ कोणाच्या तरी शेताच्या बांधापाशी होतो. पैनगंगेच्या काठी राहणाऱ्या माणसाला समुद्र दूर वाटतो. पण नकाशावर बोट ठेवून त्याने सहस्रकुंड, वढा, सिरोंचा, राजमहेंद्री अशी वाट धरली, तर ते बोट थेट लाटांत जाऊन पोहोचते. पुढच्या मृगात पुलावर उभे राहून गढूळ पाण्याकडे पाहताना "गेली माती समुद्राला" असे म्हणण्यापूर्वी, ती वाटेत कोठे अडेल आणि आपल्या शेतातच कशी राखता येईल, याचा विचार मनात यावा. त्या एका विचाराने उमरखेडच्या शिवाराचे भले होईल आणि ईसापूरसारख्या जलाशयांचे आयुष्यही वाढेल.